लेबल आणि बॅचशीट

शंकेखोर : गुरुजी, शाळेत तुम्हीच सांगायचात, आधी आपलं अंगण बघावं, मग गावाबाहेरचं. आणि आता निवृत्तीनंतर तुम्ही बीटल्सवर लिहायला बसलात. लिव्हरपूलची चार पोरं. १९६२ मध्ये पहिली तबकडी, १९७० मध्ये फाटाफूट. मधल्या आठ वर्षांत त्यांनी जगाला वेड लावलं, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यावर इंग्रजीत एवढी पुस्तकं आहेत की कपाट पुरणार नाही. कुठल्या दिवशी कुठलं गाणं किती वेळा मुद्रित केलं, तेही लिहून ठेवलेलं आहे. त्यात लोट्याहून आपण काय भर घालणार? आपल्या खेड तालुक्यात नमनाची मंडळं आहेत, जाखडीचे शाहीर आहेत. त्यांच्यावर धड चार पानं सापडत नाहीत. घरातल्या समईत तेल नाही आणि आपण दुसऱ्याच्या देवळात दिवे लावतोय, असं वाटतं मला.

रसिक : प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. पण मी त्यांचा सगळा इतिहास लिहीत नाही. मला त्यातली तीनच वर्षं हवी आहेत, १९६६ ते १९६८. ज्याला 'सायकेडेलिक' म्हणतात ते वळण याच काळात रॉक संगीताला आलं. टेप उलटी फिरवायची, गायकाचा आवाज यंत्रातून असा काढायचा की तो लांबच्या डोंगरावरून येतोय असं वाटावं, आणि सगळं गाणं एकाच षड्जाभोवती घुटमळत ठेवायचं. या घुटमळण्यामागं तंबोरा होता, सतार होती आणि ती वाद्यं वाजवणारी माणसं होती. 'रिव्हॉल्व्हर' या १९६६ च्या तबकडीचं वेष्टन उलटं करून बघ. 'लव्ह यू टू' या गाण्यापाशी इंग्रजीत छापलंय : अनिल भागवत, तबला. त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या बँडच्या तबकडीवर हे नाव आहे, आणि भागवत हे आडनाव आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ज्या इतिहासात असं नाव आहे, तो दुसऱ्याच्या देवळातला कसा म्हणायचा?

शंकेखोर : इथंच माझी पहिली हरकत. आडनाव बघून हुरळून जायची आपल्याला सवय आहे. परदेशातल्या कुठल्याही यादीत जोशी, कुलकर्णी, भागवत दिसला की आपण लगेच 'आपला माणूस' म्हणून मोकळे होतो. त्या माणसानं तिथं काय केलं, त्याला काय सांगितलं गेलं, त्याच्या कलेला तिथं किती वाव मिळाला, हे विचारायला आपण थांबत नाही. तबला वाजवला, म्हणजे नक्की काय वाजवलं? दोन मिनिटं गाण्याला चव यावी म्हणून चिमूटभर मसाला, एवढंच असेल तर त्यात अभिमान कसला? त्याआधी १९६५ मध्ये त्यांच्या एका गाण्यात सतार आली होतीच. त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसनला तेव्हा ती नीट धरताही येत नव्हती. गिटारच्या सुरावट्याच त्यानं सतारीवर काढल्या. भागवतांचा तबला त्याच्याहून वेगळा कशावरून?

रसिक : कशावरून ते सांगतो. लंडनमध्ये अयना अंगडी नावाचे कर्नाटकातून गेलेले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया 'एशियन म्युझिक सर्कल' ही संस्था चालवत. कुणाला भारतीय वादक हवा असला की त्यांच्याकडं विचारणा व्हायची. भागवतांनी पुढं स्वतःच सांगितलेली हकिगत आहे. अंगडींचा फोन आला, संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कोण जॉर्ज, ते सांगितलंच नाही. दाराशी रोल्स-रॉइस गाडी उभी राहिली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. तारीख होती ११ एप्रिल १९६६. एबी रोडच्या स्टुडिओबाहेर पोरींचा गराडा पडलेला. आत गेल्यावर आधी तबला सुरात मिळवला. हॅरिसननं सुचवलं, रविशंकरांच्या बाजासारखं सोळा मात्रांत काहीतरी वाजवा. पण पुढचं त्यानं भागवतांवर सोडलं, कारण ऐनवेळी सुचेल ते वाजवणं हाच या संगीताचा जीव आहे, हे तोवर त्याला कळलं होतं. ते गाणं मन लावून ऐक. सुरुवातीला लय नसलेली सतार, छोटीशी आलापीच ती. मग तबला येतो आणि गाणं उभं राहतं. ढोलकीचा हात फिरला की तमाशाचा फड जागा होतो ना, तसं. मसाला वरून भुरभुरतात. इथं तबला काढून घेतलास तर गाणं उरतच नाही.

शंकेखोर : गाणं उभं राहिलं असेल. पण ते कशासाठी उभं केलं, हेही बघायला हवं. आता मी माझ्या, रसायनांच्या धंद्यातलं बोलतो. ज्या गुंगीवरून या सगळ्या प्रकाराला सायकेडेलिक नाव पडलं, ती तंबोऱ्यातून आलेली नाही. एलएसडी हे रसायन १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल गावी सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमननं बनवलं, राय धान्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या अर्कावर काम करताना. त्याचा मनावर काय परिणाम होतो, ते १९४३ मध्ये चुकून अंगात गेल्यावर त्यालाच कळलं. सँडोझ ही मुळात कापडाचे रंग बनवणारी कंपनी. आपल्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतही रंगांचा कच्चा माल बनतो, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते. म्हणजे अवस्था आधी आली, रसायनातून. मग त्या अवस्थेला शोभेल असा आवाज शोधायला ही मंडळी निघाली आणि आपली सतार त्यांच्या हाताला लागली. पिढ्यानपिढ्या घाम गाळून, उपासतापास करून जे संगीत घडलं, ते नशेच्या मागं वाजणारं संगीत होऊन बसलं. खुद्द रविशंकरांना याचा त्रास झाला. गांजा ओढत सतार ऐकू नका, असं ते परोपरीनं सांगत राहिले. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी मैफल झाली, तेव्हा नुसती वाद्यं जुळवून झाली तर लोकांनी टाळ्या पिटल्या. सूर लावणं आणि गाणं यात ज्यांना फरक कळत नाही, त्यांनी आपलं संगीत डोक्यावर घेतलं म्हणून आपण सुखावायचं?

रसिक : ऐकणाऱ्यांचं अज्ञान तू वाजवणाऱ्याच्या माथी मारतोस. हॅरिसन त्याच गर्दीत उभा होता, पण तो तिथं थांबला नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये तो मुंबईला आला, ताजमहाल हॉटेलात टोपणनावानं उतरला आणि रविशंकरांसमोर मांडी घालून बसला. बातमी फुटली, हॉटेलखाली गर्दी जमली, तेव्हा गुरू-शिष्य श्रीनगरला हाउसबोटीवर जाऊन राहिले. बोटं सोलवटेपर्यंत, गुडघे दुखेपर्यंत तो पलट्यांचा रियाज करत होता. पुढं ऑगस्ट १९६७ मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर नशेत लोळणारी पोरं पाहिली आणि एलएसडीकडं पाठ फिरवली. या दोन्हींच्या मधे, मार्च १९६७ मध्ये त्यानं 'विदिन यू विदाउट यू' केलं. 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या तबकडीवरचं पाच मिनिटांचं गाणं. त्यात गाणाऱ्याच्या गळ्यामागोमाग गजानं वाजणारा दिलरुबा चालतो. आपल्या भजनात बुवांच्या मागं पेटी जाते, तसाच. मधे वाद्यांचा भाग येतो तिथं सोळा मात्रा सोडून गाणं दहा मात्रांत जातं आणि दिलरुबा-सतारीचे सवालजवाब सुरू होतात. नंतर एप्रिलमध्ये आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो यांची जोड दिली. त्या वादकांना बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन सांगत होते, सूर असा तुटक घेऊ नका, दिलरुबा घेतो तसा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत न्या. म्हणजे मींड घ्या! लंडनचे कसलेले व्हायोलिनवादक त्या दिवशी दिलरुब्याकडून मींड शिकत होते. आणि बीटल्सपैकी हॅरिसन सोडून बाकी तिघांतला एकही जण या गाण्यात वाजवत नाही. गाणं बीटल्सचं, पण हात दुसऱ्यांचे.

शंकेखोर : हात कुणाचे? नावं सांगा.

रसिक : सांगतो की. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, दिलरुबा. बुद्धदेव कंसारा, तंबोरा. नटवर सोनी, तबला.

शंकेखोर : ही नावं त्या तबकडीवर कुठं छापली होती?

रसिक : नव्हती छापली.

शंकेखोर : मग आता मी त्या वेष्टनाबद्दल बोलतो, तुम्हीच मागं कधीतरी मला ते दाखवलं होतं. रॉकच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध वेष्टन. त्यावर पन्नासाहून जास्त माणसांचे चेहरे आहेत. हॅरिसनच्या सांगण्यावरून त्यात चार भारतीय योगी घेतले : महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, युक्तेश्वर आणि योगानंद. गांधीजींचाही चेहरा होता, पण भारतातल्या बाजारात अडचण होईल म्हणून ईएमआय कंपनीच्या प्रमुखांनी तो काढायला लावला. मेणाचे पुतळे मादाम तुसाँकडून आणले, तेही छापलंय. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत छापलेत, तेव्हाच्या मानानं ते नवलच होतं. म्हणजे जागा नव्हती, असं कुणी म्हणू शकणार नाही. पुढच्या बाजूला चार भारतीय योगी आणि आत वाजवणारे चार भारतीय वादक बिननावाचे. गुरुजी, त्यांना भारत हवा होता तो फोटोतला, हिमालयातला, ध्यान लावून बसलेला. लंडनच्या थंडीत दिलरुब्याची खोळ काखेत मारून कामावर येणारा भारतीय माणूस त्यांच्या डोळ्यांना दिसला नाही. माझी तक्रार आहे ती ही.

रसिक : ही तक्रार मला मान्य आहे, आणि ती तू नेमकी मांडलीस. पण न दिसण्याचं कारण एकच आहे का, ते तपासू या. 'रिव्हॉल्व्हर'वरच 'एलिनॉर रिग्बी' नावाचं गाणं आहे. त्यात चार व्हायोलिनं, दोन व्हायोला, दोन चेलो आहेत, बीटल्सचं एकही वाद्य नाही. त्या आठ इंग्रज वादकांची नावंही वेष्टनावर नाहीत. 'पेनी लेन'मधली तुतारी डेव्हिड मेसननं वाजवली, लोक आजही ती गुणगुणतात. त्याचंही नाव तबकडीवर नव्हतं. याचा अर्थ नाव न छापणं हा त्या धंद्याचाच रिवाज होता. वादक यायचा, ठरलेले तास वाजवायचा, ठरलेले पैसे घेऊन घरी जायचा. मग उलट असं विचारावं लागतं की अनिल भागवतांचं नाव छापलं गेलं, ते का? आणि आपल्याकडं तरी काय वेगळं होतं? हिंदी सिनेमाची सुवर्णकाळातली गाणी घे. त्यांतली वाद्यरचना गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी बांधली. रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार, गायक. यांचं नाव नाही. मजोर्ड्याचे गोन्साल्विस मास्तर देशाला कधी माहीत झाले? त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात ते नाव आणलं तेव्हा. तेही लोकांना वाटलं, पडद्यावरच्या पात्राचंच नाव आहे. तेव्हा 'गोऱ्यांनी आमच्यावर अन्याय केला' हे वाक्य म्हणायला सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे.

शंकेखोर : अर्धं खरं, हे मी मान्य करतो. पण उरलेलं अर्धं कुठं आहे, ते मला आमच्या प्लांटवरून सांगता येईल. आमचा माल ड्रममधून जातो. ड्रमच्या लेबलवर कंपनीचं नाव, मालाचं नाव, बॅच नंबर, वजन. बनवणाऱ्याचं नाव लेबलवर कधीच नसतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. पण आत ऑफिसात बॅचशीट असते. रंगाची डायझो बॅच लावली असेल तर तापमान ० ते ५ अंशांत ठेवायचं, बर्फ टाकत राहायचं, सोडियम नायट्राइट हळूहळू सोडायचं. किती वाजता सुरू केलं, किती वाजता संपलं, दर अर्ध्या तासाला तापमान किती, आणि प्रत्येक ओळीपुढं ऑपरेटरची सही. उद्या माल बिघडला किंवा नावाजला गेला, तर कुणाच्या हातचा होता ते पाच वर्षांनीही सांगता येतं. आता तुमचा स्टुडिओ बघा. व्हायोलिन आणि चेलोवाल्यांची नावं स्टुडिओच्या कागदांत होती. एरिक ग्रुएनबर्ग आणि त्यांचे साथीदार, सगळे. म्हणून पुढं अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली तेव्हा ती नावं सहज मिळाली. त्याच गाण्यातल्या दिलरुबावाल्यांपुढं नुसतं 'एशियन म्युझिक सर्कलचे वादक'. जोशी, गज्जर, कंसारा, सोनी ही नावं लोकांसमोर आली २०१७ च्या सुमारास, तबकडीला पन्नास वर्षं झाली तेव्हा. लेबलवर दोघंही नव्हते, हे तुमचं खरं. पण एकाची बॅचशीटवर सही होती, दुसऱ्याची तिथंही नव्हती. धंद्याचा रिवाज आणि अन्याय यांतला फरक नेमका इथं आहे.

रसिक : हे मला सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं वेष्टनाकडंच बघत राहिलो, कागदांकडं बघायला हवं होतं. आता ती चार नावं पुन्हा वाच. इंग्रज वाचक 'अण्णा'चं 'ॲना' करणार आणि बाईचं नाव समजणार. आपण अण्णाच वाचतो. पुढं गज्जर म्हणजे सुतार, कंसारा म्हणजे कासार, सोनी म्हणजे सोनार, आणि जोशी तर गावचा पंचांग सांगणारा. एखाद्या गावच्या बलुत्यांची यादी वाचावी तशी ही चार आडनावं आहेत. गाव सोडून लंडनला गेलेली माणसं, आणि त्यांच्या आडनावांत अजून गावची कामं शिल्लक. ही माणसं कोण, हे ज्या भाषेत चटकन कळतं, त्या भाषेत हा इतिहास लिहिला जायला हवा. तू सुरुवातीला विचारलंस, लोट्याहून काय भर घालणार? इंग्रजीतल्या त्या कपाटभर पुस्तकांना ही नावं वाचता येत नाहीत. आपल्याला येतात. आणखी एक दाखवतो. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईत आला. फोर्टात फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत मुद्रित केलं. स्टुडिओत एकाच ट्रॅकचं यंत्र होतं, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कोलकात्याहून आणवलं. या तबकडीवर मात्र वादकांची नावं ओळीनं छापली : आशिष खान, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा, शंभू दास, विनायक व्होरा, रिजराम देसाद, बासरीला एस. आर. केंकरे. १९६६ मध्ये एक नाव, १९६७ मध्ये एकही नाही, १९६८ मध्ये सगळी. माणूस शिकत होता, असं मी म्हणेन.

शंकेखोर : त्या यादीत शहनाईवाल्या दोघांचं आडनाव कसं छापलंय, ते तुम्ही गाळलंत. शरद आणि हनुमान 'जाडेव'. मराठी कानाला तिथं जाधवच ऐकू येतं. नाव छापलं, पण विचारून घेतलं नाही. आणि त्याच आठवड्यात, १२ जानेवारीला, त्याच स्टुडिओत 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं. ते मार्चमध्ये बीटल्सच्या तबकडीची दुसरी बाजू म्हणून बाहेर आलं. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. त्यातलं प्रत्येक वाद्य मुंबईच्या स्टुडिओत वाजलेलं, लंडनला फक्त आवाज भरला. लेबलवर काय? बीटल्स. मुंबईतल्या माणसानं वाजवलं, मुंबईतल्याच दुकानात ती तबकडी आली, आणि विकत घेणाऱ्या मुंबईकराला कळलं नाही की हे दोन रस्ते पलीकडं झालेलं काम आहे. माणूस शिकत असेलही. पण ज्यांच्याकडून शिकला त्यांच्या पदरात काय पडलं? ठरलेली बिदागी. गाणं मात्र आजतागायत विकलं जातंय.

रसिक : पैशाचा हिशेब तू मांडलास तो चुकीचा नाही. पण शिकण्याची एक खूण पैशात मोजता येत नाही, ती सांगतो. १९६८ च्या मध्याला हॅरिसननं सतार खाली ठेवली. त्याला कळून चुकलं की लहानपणापासून दिवसाचे दहा-बारा तास देणाऱ्यांची बरोबरी आपण या जन्मात करणार नाही. रविशंकरांनीही त्याला विचारलं होतं की तुझी स्वतःची मुळं कुठं आहेत? तो गिटारकडं परतला. सतार बाजारात खपत होती तेव्हाच त्यानं ती सोडली. ज्याला नुसता मसाला हवा असतो, तो डबा असा बंद करत नाही. आणि रविशंकरांची साथ त्यानं सोडली नाही. तू सांगितलेली बांगलादेशची मैफल त्यांच्याच शब्दाखातर उभी राहिली. याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेव. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले, आपली दोन गाणी इथल्या वादकांना घेऊन पुन्हा मुद्रित केली. ती टेप २०१५ पर्यंत, त्रेचाळीस वर्षं, अधिकृतपणे बाहेरच आली नाही. आली तेव्हा गाण्यापुढं लिहिलं होतं 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. अख्ख्या शहराचं नाव दिलं की माणसांची नावं द्यावी लागत नाहीत. हॅरिसन आणि हे, यांत मला फरक दिसतो.

शंकेखोर : फरक मलाही दिसतो. पण आता मी तुम्हाला तुमच्याच अंगणात आणतो, राग मानू नका. तुम्ही कितीतरी वर्षं नमन मंडळाचं लेखन केलंत. नमनाच्या सुरुवातीला आपण देवांना, ग्रामदेवतेला नावं घेऊन हाक मारतो. एकही देव राहू नये म्हणून काळजी घेतो. गण, गौळण, संकासुर, मग वग. रात्रभर दोन मृदंग वाजत राहतात. मृदंगाशिवाय नमन म्हणजे तबल्याशिवाय तुमचं ते गाणं. शिमग्यात छापलेल्या तुमच्या पत्रिकेवर मंडळाचं नाव होतं, अध्यक्षांचं होतं, देणगीदारांची पंधरा-वीस नावं होती. मृदंगवाल्यांची?

रसिक : 'मृदंग साथ : मंडळाचे कलाकार.' मीच लिहिलं होतं ते. आता ते आठवून वाईट वाटतं. 'एशियन म्युझिक सर्कलचे वादक' आणि 'मंडळाचे कलाकार' यांत काही फरक राहिला नाही. माझ्या हाती छापखान्याचा कागद होता, जागाही होती. पण आपल्याकडंच याहून चांगली रीतही आहे, ती विसरू नकोस. जाखडीत, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शाहीर गाण्यातच आपल्या गुरूचं, गावाचं, मंडळाचं नाव गुंफतो. ते कागदावर नाही, शब्दांत बांधलेलं असतं. वेष्टन फाटलं तरी नाव जात नाही, कारण ते गाण्याच्या आतच आहे. एबी रोडकडं असा उपाय नव्हता. आपल्या शाहिरांकडं तो कधीपासून आहे.

शंकेखोर : शाहिराचं नाव राहतं, गुरूचं राहतं. पण झांज वाजवणाऱ्याचं? कोरसमधल्या पोराचं? आणि माझ्या बॅचशीटचं मी कौतुक केलं, तेही पूर्ण खरं नाही. सही ऑपरेटरची असते. बर्फाच्या लाद्या फोडणारा, गोणी खांद्यावरून वर चढवणारा हेल्पर कंत्राटी असतो, पाळी संपली की जातो. त्याचं नाव त्या कागदावर नाही. म्हणजे कागद ठेवला तरी कुणीतरी त्याच्या बाहेर राहतोच. मग प्रश्न असा की रेघ कुठं मारायची? सगळ्यांची नावं लेबलवर घातली तर लेबल वाचणार कोण? आणि न घालावीत तर ज्याचं नाव मोठं, काम त्याचंच, असं इतिहास म्हणत राहणार. बीटल्सचं संगीत चौघांचं की चौघांसह आणखी कितीतरी जणांचं, याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. त्यांनी आपल्याकडून घेतलं की आपल्या माणसांनी त्यांना दिलं, हेही नाही.

रसिक : माझंही उत्तर तुझ्याइतकंच अपुरं आहे. हे संगीत म्हणजे खरी भेट होती, असं मी आजही मानतो. ती बरोबरीची नव्हती, हे तू मला मान्य करायला लावलंस. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि ते तसंच लिहावं लागेल. रेघ कुठं मारायची ते मला माहीत नाही, पण ती कुठून सुरू करायची ते कळलं. लेबलवर कोण, हा वाद होत राहील. बॅचशीट आधी भरायला हवी. नाव नोंदलेलंच नसेल तर पन्नास वर्षांनी वाद घालायलाही काही उरत नाही. तेव्हा जो कुणी हे वाचत असेल, त्याला माझी विनंती आहे. येत्या शिमग्यात तुम्ही नमनाचं, पालखीचं, जाखडीचं चित्रण मोबाइलवर कराल आणि गावाच्या ग्रुपवर टाकाल. टाकण्याआधी मृदंगवाल्याजवळ जा, त्याला पूर्ण नाव विचारा, वाडी विचारा, कुणाकडून शिकला ते विचारा, आणि चित्रणाखाली लिहा. झांजवाल्याचंही लिहा. शुद्धलेखन त्यालाच विचारून घ्या. मी माझ्या जुन्या पत्रिका काढून बसलोय. त्यांवर 'मंडळाचे कलाकार' असं जिथं जिथं आहे, तिथं पेनानं नावं लिहायला सुरुवात केली आहे.